मातीला कथलाची कल्हई

लोणच्याच्या बरणीला आपण चिनीमातीची म्हणतो. ती चीनमधून आलेली नसते, तिची माती चीनची नसते, आणि ज्या भांड्यांवरून हे नाव पडलं त्यांच्याशी तिचं नातं फार लांबचं. तरी शब्द टिकला. गुळगुळीत, चकचकीत, पाणी न शोषणारं भांडं म्हणजे चिनी, हे आपल्या पणज्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. अशी गल्लत करणारे आपण एकटेच नाही. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावात १६५३ साली एक कारखाना निघाला. त्याचं नाव ‘द पोर्सेलैने फ्लेस’, म्हणजे पोर्सेलीनची बाटली. कारखाना आजही चालू आहे. ज्या भांड्यांनी त्याचं आणि गावाचं नाव जगभर झालं, ती मात्र पोर्सेलीनची नव्हती. साधी, पिवळट तपकिरी माती होती ती, पांढरा अंगरखा घातलेली.

त्या अंगरख्याची ही गोष्ट आहे.

अ‍ॅम्स्टरडॅमकडे नोकरीला गेलेली मराठी मुलं सुट्टीत घरी येतात, तेव्हा पिशवीतून एक तरी निळी-पांढरी वस्तू निघते. पवनचक्की, लाकडी बूट, नाहीतर कालव्याकाठचं चिमुकलं घर. ती फ्रिजवर चिकटते किंवा शोकेसमध्ये गणपतीशेजारी बसते. पाहणारा म्हणतो, ‘अगदी हॉलंड!’ पण मुळात हा रंगमेळ डच नव्हे. साडेतीनशे वर्षांपूर्वी डेल्फ्टच्या कारागिरांनी पांढऱ्यावर निळं रंगवायला हात घातला तो चिनी दिसावं म्हणून. आज तेच सगळ्यात डच वाटतं, यातली गंमत सोसायला डच लोकांनी बराच काळ घेतला असणार.

सुरुवात समुद्रावरच्या दोन लुटींपासून करायला हवी, आणि पहिलीचा धागा गोव्यापर्यंत पोचतो. १६०१च्या अखेरीस ‘सांतियागो’ नावाचं पोर्तुगीज जहाज गोव्याहून लिस्बनला निघालं. जहाजावर फ्रान्चेस्को कार्लेत्ती नावाचा फ्लॉरेन्सचा व्यापारी होता. जगाला जवळपास फेरी मारून, मकाऊत चिनी माल भरून, गोव्यात मुक्काम करून तो आता घरी चालला होता. १६०२च्या मार्चमध्ये सेंट हेलेना बेटापाशी झीलंड प्रांताच्या डच जहाजांनी ‘सांतियागो’ला घेरलं. माल मिडलबर्गला नेऊन विकला. त्यात चिनी पोर्सेलीन होतं. कार्लेत्ती बिचारा पुढची कित्येक वर्षं तिथल्या कोर्टात खेटे घालत राहिला, आणि हाती आलं ते फार थोडं.

दुसरी लूट त्याहून मोठी. २५ फेब्रुवारी १६०३ रोजी सिंगापूरच्या सामुद्रधुनीजवळ याकोब फान हेम्सकेर्क या डच कप्तानानं ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडलं. ते मकाऊहून मलाक्काकडे चाललं होतं. १६०४मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला माल लिलावात निघाला तेव्हा तीस लाख गिल्डरहून जास्त पैसा उभा राहिला. रेशीम होतं, साखर होती, आणि पोर्सेलीनचे एक लाखाच्या आसपास नग होते असं सांगतात. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री आणि इंग्लंडचा राजा पहिला जेम्स या दोघांसाठीही खरेदी झाली. पोर्तुगीजांच्या या अवाढव्य जहाजांना ‘कॅरॅक’ म्हणत. त्यावरूनच बहुधा असल्या चिनी भांड्यांना डच भाषेत ‘क्राक’ हे नाव पडलं. म्हणजे भांड्याला नाव मिळालं ते चोरलेल्या जहाजाचं.

ही चोरी होती की युद्धातली हक्काची कमाई, हा प्रश्न मात्र काही डच भागीदारांनाच बोचू लागला. तेव्हा नव्या डच ईस्ट इंडिया कंपनीनं विशीतला एक हुशार वकील गाठला. त्यानं जाडजूड ग्रंथ लिहून लूट न्याय्य ठरवली. त्यातलं एक प्रकरण १६०९मध्ये ‘मारे लिबेरुम’, म्हणजे मुक्त सागर, या नावानं छापलं गेलं. समुद्र कुणाच्या मालकीचा नाही हे त्याचं सूत्र. आंतरराष्ट्रीय कायद्याचे विद्यार्थी आजही त्याच्यापासून सुरुवात करतात. तो वकील म्हणजे ह्यूगो ग्रोशियस. त्याचं गाव डेल्फ्ट. गावच्या चौकात त्याचा पुतळा आहे आणि चर्चमध्ये समाधी. चोरलेल्या चिनी ताटल्यांची वकिली ज्या गावच्या मुलानं केली, त्याच गावानं पुढे त्या ताटल्यांची नक्कल केली. इतिहास इतका नेटका क्वचितच असतो, म्हणून सांगायचा मोह आवरत नाही.

कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टला होती. (याच कंपनीची एक वखार पुढे आपल्या वेंगुर्ल्यात उभी राहिली, गोव्यातल्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करायला सोयीची म्हणून. तिचे पडके अवशेष अजून पाहायला मिळतात.) जहाजं भरभरून पोर्सेलीन येऊ लागलं. पहिल्या पन्नासेक वर्षांत कंपनीनं तीस लाखांहून अधिक नग युरोपात आणले. श्रीमंतांच्या भिंती, कपाटं, टेबलं निळ्या-पांढऱ्यानं भरली आणि बाकीच्यांना त्याची हाव सुटली.

आता डेल्फ्टच्या कुंभारापुढची अडचण पाहा. चिनी पोर्सेलीन केओलिन नावाची पांढरी माती आणि एक विशिष्ट दगड कुटून त्यांच्या मिश्रणातून घडतं. ते १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलं की काचेसारखं एकजीव होतं. उजेडाकडे धरलं तर बोटांची सावली दिसते, टिचकी मारली तर घंटेसारखं वाजतं. डच कुंभाराजवळ ती माती नव्हती, ती कृती नव्हती, आणि तेवढ्या आचेची भट्टीही नव्हती. त्याच्या भट्टीची धाव १००० अंशांच्या आसपास. त्याच्याजवळ होतं ते आठशे वर्षांचं जुनं एक सोंग.

सोंग हा शब्द मी कौतुकानं वापरतोय. ते प्रथम वठलं ९व्या शतकात, आजच्या इराकमधल्या बसऱ्याला. खलिफा हारून अल-रशीदला खुरासानच्या सुभेदारानं चिनी राजघराण्याच्या दर्जाची २० भांडी आणि शिवाय साधी २००० भांडी नजर केल्याची नोंद बैहकी या इतिहासकारानं ठेवली आहे. अशी शुभ्र भांडी तिथल्या दरबारानं आधी पाहिली नव्हती. बसऱ्याच्या कुंभारांनाही ती करता येईनात. त्यांच्याजवळची माती पिवळी. मग त्यांनी तिच्यावर पांढरं काहीतरी चढवायचं ठरवलं, आणि त्यांना सापडलं कथील.

कथील म्हटलं की आपल्याला कल्हईवाला आठवतो. भाता, नवसागराचा झणझणीत धूर, पितळेच्या पातेल्यात कापडाच्या बोळ्यानं फिरवलेलं चकाकतं कथील. कुंभाराची कल्हई जरा वेगळी. तो कथील आणि शिसं एकत्र वितळवून इतकं तापवतो की धातूची पिवळसर राख होते. त्या राखेत वाळू आणि क्षार घालून, वितळवून, दळून पाण्यात कालवतो. भट्टीत या लेपातलं शिसं आणि वाळू वितळून काच बनतात. कथलाची राख मात्र त्या काचेत विरघळत नाही, तिचे अतिसूक्ष्म कण काचेत अडकून राहतात. खडीसाखरेचा खडा पारदर्शक असतो, पण कुटून पिठीसाखर केली की पांढरीशुभ्र दिसते, कारण प्रत्येक कणावर आपटून उजेड सगळीकडे विखुरतो. काचेत अडकलेले कथलाचे कण हेच करतात. खालची माती त्या पांढऱ्या पडद्याआड दिसेनाशी होते.

बसऱ्याच्या कुंभारांनी या पांढऱ्यावर कोबाल्टची निळी नक्षी काढली. पुढे १४व्या शतकात चिनी कारागिरांनी निळ्या रंगाचा धडाका लावला तेव्हा त्यांचं उत्तम कोबाल्ट इराणकडून यायचं. म्हणजे शुभ्रतेचा हट्ट चीनकडून पश्चिमेला गेला आणि निळाई पश्चिमेकडून चीनला. यात मूळ कोण आणि नक्कल कोण, हे ठरवायला बसलो तर प्रकरण संपायचं नाही.

कथलाची ही विद्या मग मुसलमानी अमलाखालच्या स्पेनमध्ये गेली, तिथून इटलीत. इटलीत तिला ‘मायोलिका’ म्हणू लागले. फाएन्झा गावावरून फ्रेंचांनी ‘फायान्स’ केलं. १५०८च्या सुमारास ग्विदो दि साविनो नावाचा इटालियन कुंभार अँटवर्पमध्ये येऊन स्थिरावला. १५८५मध्ये स्पॅनिश सैन्यानं अँटवर्प जिंकलं आणि प्रोटेस्टंट कारागिरांनी बिऱ्हाडं उचलली. कुणी हार्लेमला, कुणी अ‍ॅम्स्टरडॅमला, कुणी डेल्फ्टला. कल्हईवाल्याच्या भात्यासारखी ही विद्या माणसाच्या खांद्यावरून फिरली. त्या काळात पाककृतीच्या वह्या फारशा कुणी लिहीत नसे.

तरी १६४०पर्यंत डेल्फ्ट हे भांड्यांचं गाव नव्हतं. ते बिअरचं गाव होतं. एके काळी तिथे शंभरावर भट्ट्या बिअर गाळत होत्या. तो धंदा बसला आणि कालव्याकाठच्या मोठमोठ्या इमारती ओस पडल्या. नेमक्या त्याच वेळी, १६४४ साली, पेकिंगमध्ये मिंग घराणं कोसळलं. यादवीत जिंगदेझेन या चिनी पोर्सेलीनच्या गावातल्या भट्ट्या थंडावल्या, आणि काही वर्षांत चिनी पोर्सेलीनची आवक आटली. कंपनीनं जपानमधल्या आरिताच्या कुंभारांकडे मोर्चा वळवला, १६५९मध्ये त्यांना मोठी मागणी दिली. पण जपानी माल महाग. बाजारात गिऱ्हाईक उभं, माल नाही, गावात रिकाम्या इमारती आणि कालव्याची वाहतूक दारात. मराठी दुकानदारालासुद्धा अशा वेळी काय करायचं ते कळलं असतं.

डेल्फ्टच्या कुंभारांनी त्या इमारती घेतल्या, आणि पुष्कळांनी जुन्या पाट्याही तशाच ठेवल्या. म्हणून भांड्यांच्या कारखान्यांची नावं दारूच्या गुत्त्यांसारखी: ‘गुलाब’, ‘मोर’, ‘पांढरी चांदणी’, ‘तीन घंटा’, ‘धातूचं भांडं’. एका कारखान्याचं नाव मात्र खास या धंद्यातलं: राखेची तीन पिंपं. राख अर्थात कथलाची. १२ ऑक्टोबर १६५४ रोजी गावातलं दारूगोळ्याचं कोठार उडालं, शंभराहून जास्त माणसं मेली. चित्रकार कारेल फाब्रिटियस त्यातच गेला. गावाचा एक कोपरा भुईसपाट झाला. ते सावरता सावरताच कारखाने वाढत गेले, आणि शतक संपेपर्यंत त्यांची संख्या तीसच्या वर पोचली.

कारखान्यात शिरून पाहू. सगळ्यात आधी माती. डेल्फ्टच्या आसपासची एकटी माती चालत नसे. तिच्यात आजच्या बेल्जियममधल्या टूर्ने गावची चुनखडीयुक्त माती आणि जर्मनीतल्या ऱ्हाइनकडची माती मिसळत. होडीनं ओली माती आणायचा खर्च उगाच नव्हता. भांडं भट्टीतून निघून गार होताना माती आकसते आणि झिलईही आकसते. दोघींचं प्रमाण जुळलं नाही तर झिलईला जाळीसारख्या भेगा पडतात किंवा ती सुटून येते. चुना घातलेल्या मातीचं कथलाच्या झिलईशी जमतं. शिवाय अशी माती भाजल्यावर लाल न होता फिकट पिवळी होते, म्हणजे झाकायला कमी कथील पुरतं. कथील इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून यायचं आणि स्वस्त नव्हतं. जुने मायोलिकावाले तर ताटलीच्या दर्शनी बाजूलाच कथील लावत आणि पाठीला नुसत्या शिशाच्या झिलईवर भागवत. डेल्फ्टवाल्यांनी पाठही पांढरी केली. चिनी ताटलीला पाठ नसते का? सोंग आणायचं तर पुरतं आणायचं.

चाकावर घडवलेलं भांडं वाळवून एकदा भाजायचं, मग पांढऱ्या लेपात बुडवायचं. कच्चं भाजलेलं भांडं तहानलेलं असतं. ते पाणी शोषून घेतं आणि अंगावर पांढऱ्या पिठाचा थर राहतो. रंगाऱ्याला चित्र काढायचं ते या पिठावर. टिपकागदावर शाईनं लिहून पाहा म्हणजे अंदाज येईल. कुंचला टेकला की रंग आत ओढला जातो. थबकलात तर डाग, चुकलात तर पुसायची सोय नाही. कोबाल्ट त्या वेळी करडं-काळं दिसतं. निळं किती गडद उतरेल हे भट्टी उघडेपर्यंत कळत नाही. म्हणजे रंगारी निळं चित्र निळं न बघता काढत होता.

एकच नक्षी शंभर ताटल्यांवर उतरवायची तर कागदावर चित्र काढून त्याच्या रेघांवर सुईनं भोकं पाडत. कागद ताटलीवर ठेवून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली की ठिपक्यांचं चित्र खाली उमटतं. भरतकामाआधी साडीवर नक्षी उतरवताना आपल्याकडेही टोचलेला कागद आणि पावडर वापरतात. रांगोळीचा छापही त्याच घराण्यातला. ठिपके जोडत रंगारी आधी गडद, जांभळट-काळसर रेघेनं बाह्यरेषा काढी, मग आत पातळ-दाट निळं भरी. कोळसा भट्टीत जळून जाई. शेवटी दर्शनी भागावर पारदर्शक शिशाच्या झिलईचा एक शिडकावा कुंचल्यानं करत. त्याला डच कारागीर ‘क्वार्त’ म्हणत. पांढऱ्या लेपावर नुसतं रंगवलेलं जरा मंद दिसतं. क्वार्तनं त्याला पाण्याखाली असल्यासारखी चमक येते. मला विचाराल तर डेल्फ्टची सगळी करामत या शेवटच्या शिडकाव्यात आहे. बाकीचं इटालियन कुंभारांनाही येत होतं.

दुसऱ्यांदा भट्टीत जाताना ताटल्या मातीच्या झाकणबंद पेट्यांत ठेवत, म्हणजे लाकडाचा धूर आणि राख लागू नये. ताटल्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून पेटीच्या भिंतीतून खुंट्या काढून त्यांवर त्या टेकवत. जुन्या पद्धतीत ताटल्या तिपाईसारख्या मातीच्या तुकड्यांवर एकावर एक रचत, आणि त्याचे तीन व्रण ऐन चित्रावर राहत. खुंट्यांमुळे ते व्रण पाठीमागे, काठाखाली गेले. हौशी संग्राहक डेल्फ्टची ताटली हातात आली की आधी उलटी करून हे व्रण शोधतो. त्यानंतर काठ पाहतो. पोर्सेलीनचा टवका उडाला तर आतही पांढरंच दिसतं. डेल्फ्टचा टवका उडाला की पिवळट माती उघडी पडते. खऱ्या जुन्या डेल्फ्टला काठावर असे टवके असतातच. झिलई काठाशी सुटते, हा तिचा जन्मजात दोष.

आणि चित्रं? ती पाहायला खरी मजा इथे येते. रंगाऱ्यांपैकी कुणी चीन पाहिलेला नव्हता. समोर चिनी ताटली, तिच्यावर पंडित, बगळे, खडक, कमळं, आणि काही अक्षरं. अक्षरं त्यांनी अक्षरांसारखी दिसतील अशी काढली, वाचता येतील अशी नाहीत. परदेशी टी-शर्टावर कधी देवनागरी छापलेली दिसते, नुसते काना आणि वेलांट्या, तसला प्रकार. चिनी भांड्यांवरच्या उंच, सडपातळ बायकांना डच लोक ‘लांगे लाइझेन’ म्हणू लागले, म्हणजे लांबुडक्या एलिझा. चिनी पुराणातल्या शुभचिन्हांचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता, त्यामुळे ती नुसती नक्षी होऊन बसली. पण अर्थ सुटला की हात मोकळा होतो. काही वर्षांत चिनी बागेत डच ट्युलिप उगवले, पॅगोडाशेजारी पवनचक्की आली, आणि चिनी किनारीच्या आत बायबलमधले प्रसंग बसले. चांगली नक्कल फसली त्या जागी डेल्फ्टची स्वतःची चित्रकला सुरू होते, असं माझं मत आहे. अगदी हुबेहूब उतरलेल्या ताटल्या पाहून आपण ‘वा’ म्हणतो आणि पुढे जातो.

मागणी वाढली तसे खास कारागीर आणि मालक पुढे आले. ‘ग्रीक ए’ नावाच्या कारखान्यात आधी सॅम्युएल फान एनहोर्न, नंतर १६८६पासून आद्रियानुस कॉक्स. कॉक्सच्या मालावर ‘ए’ आणि ‘के’ची जोडाक्षरी खूण असे. इंग्लंडच्या गादीवर १६८९मध्ये डच विल्यम आणि त्याची राणी मेरी बसले. मेरीला निळ्या-पांढऱ्याचं वेड होतं. चिनी भांडी छतापर्यंत रचायची फॅशन इंग्लंडात तिनंच आणली, असं डॅनिअल डीफोनं लिहून ठेवलं आहे. तिच्या हॅम्प्टन कोर्टच्या महालासाठी कॉक्सनं फुलांचे मनोरे पाठवले. एकावर एक ठेवलेले मजले, प्रत्येक मजला स्वतंत्र, त्यात पाणी भरायचं, आणि कोपऱ्यांतून निघालेल्या तोट्यांत एकेक फूल खोचायचं. उंची मीटरभर आणि त्याहूनही जास्त. बरेच जण त्यांना ट्युलिपच्या फुलदाण्या म्हणतात, पण त्यात नाना तऱ्हांची फुलं लावत असत. ट्युलिपचा प्रसिद्ध सट्टा १६३७मध्येच कोसळला होता. साध्या मातीत मीटरभर उंच मनोरा भट्टीतून सरळ बाहेर काढणं, त्याचे मजले एकमेकांवर न डुगडुगता बसवणं, हे चिनी कुंभारानंसुद्धा पाहत राहावं असं काम.

त्याच सुमाराला लाम्बेर्टुस फान एनहोर्नच्या कारखान्यातून रंगीत, पन्हळी अंगाच्या मोठ्या बरण्या निघत. निळ्यासोबत लाल, हिरवा, पिवळा. पुढच्या शतकांतल्या फ्रेंच हौशी लोकांना ती गर्द फुलवेलबुट्टी शालीसारखी वाटली, म्हणून त्यांनी त्या सजावटीला ‘काश्मीर’ म्हटलं. काश्मीरशी या बरण्यांचा संबंध लोणच्याच्या बरणीचा चीनशी असतो तेवढाच.

गरिबाघरी मात्र मनोरे नव्हते, फरश्या होत्या. ओल्या भिंतीच्या तळाशी, चुलीभोवती लावायच्या चौकोनी निळ्या-पांढऱ्या फरश्या. प्रत्येकीवर एक छोटं चित्र: खेळणारं पोर, मासेमार, होडी. चित्रकार व्हर्मीरच्या ‘दूधवाली’ या चित्रात दूध ओतणाऱ्या बाईच्या मागे, भिंत जिथे जमिनीला टेकते तिथे नीट पाहा. अशा फरश्यांची एक रांग आहे आणि एकीवर मदन धनुष्य घेऊन उभा आहे. व्हर्मीर डेल्फ्टचाच. तो आणि हे कुंभार सेंट ल्यूकच्या एकाच संघाचे सभासद होते. चित्रकार, काचकाम करणारे आणि ताटल्या भाजणारे यांची तिथे एकच चावडी होती. पुढे जगानं कलाकार आणि कारागीर अशी फाळणी केली तेव्हा व्हर्मीर इकडे गेला आणि ताटलीवाले तिकडे. (फरश्यांपैकी पुष्कळ रॉटरडॅम, हार्लिंगेन, मक्कुम अशा गावांत बनल्या. तरी सगळ्यांना डेल्फ्टच म्हणतात. पैठणी येवल्याची असली तरी नाव पैठणचंच.)

उतरती कळा लवकर लागली, तिचं वर्णन लांबवण्यात अर्थ नाही. १७१०मध्ये जर्मनीतल्या माइसेनला खरं पोर्सेलीन बनू लागलं. जिंगदेझेनच्या भट्ट्या तर केव्हाच पुन्हा पेटल्या होत्या. मग इंग्लंडात जोसाया वेजवूडनं मलईच्या रंगाची, पातळ, टणक आणि स्वस्त भांडी काढली. १७६५मध्ये त्यांना राणीचा आश्रय मिळाला. चहाचं उकळतं पाणी त्यांत बिनधास्त ओतता येई. डेल्फ्टची किटली ते नेहमीच सोसत नसे. १७६४मध्ये डेल्फ्टच्या कारखानदारांनी नगरपालिकेत आपापल्या खुणा नोंदवल्या, कारण आता त्यांच्याच मालाची नक्कल होऊ लागली होती. १९व्या शतकाच्या मध्यावर एकच कारखाना तग धरून होता, तोच पोर्सेलीनच्या बाटलीचा. १८७६मध्ये योस्ट थूफ्टनं तो विकत घेऊन निळ्या रंगाचा धंदा नव्यानं उभा केला. १९१९मध्ये त्याला ‘राजमान्य’ हे बिरुद मिळालं. गंमत अशी की जुन्या डेल्फ्टला भाव आला तसे ‘ए’-‘के’ खुणेचे बनावट नगही बाजारात आले. कॉक्सनं ‘ए’ आणि ‘के’ खरोखर जितक्या भांड्यांवर काढले, त्याहून जास्त आज त्याच्या नावावर असतील तर मला नवल वाटणार नाही.

या सगळ्यात माझा सगळ्यात आवडता माणूस कोर्नेलिस प्रोंक. अ‍ॅम्स्टरडॅमचा चित्रकार. १७३४मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला नेमलं आणि काम दिलं ते असं: चिनी धाटणीची चित्रं काढायची. ती चित्रं कंपनी चीनला पाठवणार आणि तिथले कारागीर ती खऱ्या पोर्सेलीनवर उतरवणार. प्रोंकनं एक छत्रीवाली बाई काढली. चिनी बाई कशी असावी याची त्याची जी डच कल्पना होती तशी. सोबतीला दासी, समोर पाणपक्षी. चित्र जहाजानं चीनला गेलं, जपानलाही गेलं. चिनी रंगाऱ्यानं हा कागद पाहून काय म्हटलं असेल! त्यानं ती बाई ताटलीवर उतरवली. जपान्यांनी आपल्या वेळी तिला किमोनो घालून टाकला. खर्च परवडेना म्हणून कंपनीनं काही वर्षांतच हा उद्योग गुंडाळला. पण त्याआधीच, १७००च्या आसपास, आरिताच्या कुंभारांनी आणखी एक उलटी फेरी मारली होती. त्यांच्या ताटल्यांवर डेल्फ्टच्या फ्रेडरिक फान फ्रायटॉमच्या शैलीतली निसर्गदृश्यं उतरली होती, डच आकाश आणि डच झाडांसकट. म्हणजे चिनी भांड्यांची नक्कल करणाऱ्या डचांची नक्कल जपानी पोर्सेलीनवर.

पोर्तुगालची तऱ्हा वेगळी. कथलाच्या झिलईच्या फरश्या, ‘अझुलेजो’, तिथे स्पेनमधून फार आधी आल्या होत्या आणि रंगीबेरंगी होत्या. १७व्या शतकाच्या अखेरीस डच कारखान्यांतून निळ्या-पांढऱ्या फरश्यांची आख्खीच्या आख्खी भित्तिचित्रं लिस्बनच्या चर्चना आणि वाड्यांना जाऊ लागली. पोर्तुगीजांना त्या दोन रंगांची चटक लागली, त्यांनी ते शिकून घेतले, आणि अझुलेजो म्हणजे निळं-पांढरं असंच समीकरण होऊन बसलं.

हे निळं-पांढरं गोव्यातही भेटतं. पणजीला मांडवीपासून चार पावलांवर इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाची इमारत आहे. तिच्या प्रवेशदालनाच्या भिंतींवर १९३५ साली बसवलेली जॉर्ज कोलासोची अझुलेजो चित्रं आहेत. विषय कामोइशच्या ‘लुझिआड’ महाकाव्यातला, वास्को द गामाच्या सफरीचा. दुपारी आत शिरलात तर बाहेरच्या उन्हानं दिपलेल्या डोळ्यांना आधी नुसतं निळं दिसतं, मग हळूहळू शिडं, दोर, माणसं. कार्लेत्तीचं ‘सांतियागो’ निघालं तेही याच मांडवीतून. कथा १४९८ची असल्यामुळे चित्रात डच जहाज मात्र कुठे नाही.